शिंक्यातलं अंडं

माबेला, मस्कत, ९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं यंत्र कानाला लावलं की शिट्टी वाजते, आणि न लावता फोन घेतलास तर मी तब्येत विचारतो नि तू ‘जेवले’ म्हणून सांगतेस. म्हणून पुन्हा कागदावर आलो. शाळेतली मास्तरीण तू, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढून परत पाठवलंस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

मन थाऱ्यावर नाही. आमच्या कंपनीतला मुआज माझ्याबरोबर सर्व्हेच्या गाड्या चालवायचा, तुला त्याचा फोटो दाखवला होता. डिसेंबरात त्याची गाडी वाळूच्या उतारावरून उलटली. जीव वाचला, कंबर गेली. तेव्हापासून मी स्टीयरिंग धरलं की तळव्यांना घाम फुटतो. कलावती म्हणते की हे काम सोडा आणि माबेल्यातच गॅरेज बघा. मनालीची आठवी चालू आहे, मध्येच सोडायचं कसं? मी तिला सांगितलं की आमच्या घरी शिंक्यात अंडं आहे, मला काही होत नाही. ती हसली. तू हसू नकोस.

त्याच अंड्यावरून एक गंमत. हल्ली विद्यापीठाची माणसं आमच्या गाड्या घेतात. अल खौदच्या डॉ. सकिना म्हणून बाई आहेत, त्या वाळवंटात वाकून वाकून कवचाचे तुकडे वेचतात. मी विचारलं, तर म्हणाल्या की शहामृगाचे आहेत. या अरबी मुलखात पूर्वी शहामृगं होती, बंदुका आणि मोटारी आल्या आणि आपल्या बाबांच्या तरुणपणापर्यंत ती संपलीसुद्धा. मी छाती फुगवून सांगितलं की माझे आजोबा गलबतावर तांडेल होते, कौलं आणि नारळ घेऊन मस्कतला यायचे, त्यांनी इथून आणलेलं अख्खं अंडं आमच्या देवघरात टांगलेलं आहे. बाईंनी गाडी थांबवायला लावली. आता त्यांना फोटो हवाय. कोणाकडून तरी काढून पाठव. आणि माझ्या नावाने त्याखाली हात जोड.

लोभ आहेच, तो वाळूत सांडू देऊ नकोस.

तुझा,
दया


केळूस, २ फेब्रुवारी २०२५

चि. दयानंद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुका सात. ‘तब्येत’ मात्र बरोबर लिहिलीस, त्याचं कौतुक.

मुआजचं वाचलं. गाडी सावकाश चालव. मागून कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे. गॅरेजचं कलावती म्हणते ते अगदीच टाकाऊ नाही, विचार कर.

फोटोचं म्हणशील, तर देवघराचं छप्पर उतरवलंय. वाळवी लागली होती. सगळं कापडाखाली झाकून ठेवलंय. माझ्या फोनला बटणं आहेत, डोळा नाही. शेजारच्या गंगुबाईचा नातू मुंबईला गेला. शिवाय देवघरातल्या वस्तूचा फोटो काढू नये असं आपल्यात आहे. बाबांनी कधी काढू दिला होता का? आपल्याकडे पुरुषांनी खालून हात जोडायचे आणि चतुर्थीला घरातल्या बाईने दार लावून, गणपतीच्या पाटाचा उरलेला ऑइलपेंट त्या अंड्याला लावायचा, एवढंच. आई तर मला बजावायची की रंग दाट लावायचा, कंजुषी करायची नाही. त्या बाईंना सांग की पांढऱ्या रंगाचा गोळा आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही.

काजू मोहरलाय. पडवीत पारव्यांनी घाण करून ठेवलीय, हाकलून हाकलून हात दुखले. हात जोडले तुझ्या नावाने.

लोभ आहे तसा ठेव, चौकशा थोड्या कमी कर.

तुझी,
शुभदाताई


माबेला, २७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पारव्यांना हाकलू नकोस, थोरामोठ्यांच्या घरचे आहेत! सकिनाबाई परवा हिंदीत सांगत होत्या की डोडो म्हणून जो बोजड पक्षी कधीचा नाहीसा झाला, तो मुळात कबुतरांच्याच कुळातला. त्याचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातलग आपल्याच निकोबारात राहतो, हिरवा चकचकीत. म्हणजे तुझ्या पडवीत घाण करणारे डोडोचे भाऊबंद.

आणखी ऐक. मादागास्कर बेटावर हत्तीपक्षी होता, त्याचं अंडं आपल्या पाण्याच्या कळशीएवढं. सगळ्यांना वाटायचं की समोरच आफ्रिकेत शहामृग आहे, तोच याचा सख्खा. हाडांतून आणि कवचातून वंशाची खूण काढली तर सख्खा निघाला किवी. कोंबडीएवढा, राहतो न्यूझीलंडला, उडता येत नाही. घर शेजारी म्हणून नातं जवळचं असं नाही, हे आपल्या भाऊबंदांकडे बघून मला आधीच कळायला हवं होतं.

बाईंचं म्हणणं असं की कवचात ही खूण फार वर्षं टिकते. अख्ख्या अंड्याला त्या कानस लावणार नाहीत, फक्त फोटो आणि माप घेतील. त्यांना खरे हवे असतात ते फुटके तुकडे. मी म्हटलं, बाई, तुकडे तेवढे मागू नका, ते अंडं फुटलं तर मी गाडीत बसणार नाही. त्या हसल्या. मी थट्टेत म्हटलं नव्हतं.

एप्रिलपासून मला आत, वाळूतल्या कॅम्पवर जायला सांगितलंय. पंधरा दिवस तिथे, पंधरा दिवस इथे. मी हो म्हटलं. कलावती माझ्याशी बोलत नाही. रात्रीतून तीनदा उठून दाराची कडी बघतो, चोर येणार आहे असं नव्हे. खरं सांगतो ताई, तू आहेस आणि ते अंडं सलग आहे, एवढ्यावर हो म्हटलंय. आजोबा सांगायचे ना, की ते सलग आहे तोवर या घरचा माणूस समुद्रापार हरवणार नाही.

वरच्या वाडीतला कौशिक, जो अल हैलला एसीची कामं करतो, तो पंधरा मार्चला सुट्टीवर येतोय. त्याच्या हाती पत्र आणि खजूर देतोय. त्याच्याकडे चांगला फोन आहे. तो फोटो काढेल. आता छपराची सबब नको.

लोभाला वाळवी लागू नये, ही विनंती.

तुझा,
दया

ता. क. आत्या, मी मनाली. किवी म्हणजे फ्रूट नाही, बर्ड आहे. पप्पा झोपत नाही. तू त्यांना सांग ना की एग ओके आहे. माझी मराठी सॉरी.


केळूस, २२ मार्च २०२५

चि. दया,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र कलावतीसमोर बसून वाच. गाडीत वाचू नकोस.

अंडं नाही. २०१६ सालच्या जूनमध्ये फुटलं, तू सुट्टी संपवून गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी. शिंक्याचा काथ्या कुजला होता. तू जाताना म्हणालाही होतास की दोर बदल. मी उद्या बदलते म्हटलं. झाडलोट करताना माझा नुसता खांदा लागला. आवाज काही मोठा झाला नाही. मी तुकडे चाचपडत गोळा केले, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात भरले आणि डबा कणगीमागे ठेवला. त्या दिवसापासून उघडला नाही.

तुला कळवायला बसले होते. तोच तुझं पत्र आलं, की पूर आलेल्या ओढ्यातून गाडी काढली, घरचं अंडं पाठीशी होतं. मग कसं कळवणार? चतुर्थीला एक मोठा नारळ सोलला, काचेने घासून घासून गुळगुळीत केला, डोळे लाखेने बुजवले, वर तीन हात रंग दिला आणि नव्या दोराच्या शिंक्यात चढवला. त्यानंतर तू तीनदा सुट्टीवर आलास. तीनदा त्या नारळाखाली हात जोडलेस. मी मागे उभी होते. तुझी टाळू दिसत होती, तिथले केस विरळ झालेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही.

यंदाही दडवलं असतं. छप्पर, वाळवी, सगळ्या थापा. पण मनालीने लिहिलंय की सांग, एग ओके आहे. एका पोरीला खोटं लिहून द्यायला पेन उचलेना. आणि त्या बाईंना फुटके तुकडेच हवे असतात, हे तूच लिहिलंस.

कौशिकने बाईंना फोन जोडून दिला होता. त्यांनी कागदपत्रं आणि परवानगी काय ती पाहिली, मग मी डबा कौशिकच्या हाती दिला. तुकडे बारा आहेत, असं तो मोजून म्हणाला. मी बघितले नाहीत.

तू कॅम्पवर जाऊ नकोस, किंवा जा. मला सांगायचा अधिकार राहिलेला नाही. शिव्या दे, पण पत्रातून दे.

तुझी,
ताई


माबेला, १४ एप्रिल २०२५

ताईस,
नमस्कार.

डबा मिळाला. बाईंकडे पोचवला.

नऊ वर्षं मी नारळाच्या भरवशावर वाळवंटात गाड्या हाकल्या. दर पत्रात हात जोड म्हणून लिहीत होतो आणि तू ‘जोडले’ म्हणून कळवत होतीस. अंडं फुटलं याचा राग नाही, फुटतं कधीतरी. पण सख्ख्या बहिणीने मला देवघरात उभं करून फसवलं.

तीन दिवस पोट दुखतंय असं सांगून घरी बसलो. उद्या अर्बाब, म्हणजे आमचा मालक, स्वतः बघायला येणार म्हणाला. काय करायचं ते ठरत नाही. दुसरं लिहायला काही नाही.

दयानंद


माबेला, ३० जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अडीच महिने मी लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस. आपण दोघंही बाबांवर गेलो आहोत. आधी हे सांगतो, की मी गाडी चालवतोय. पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवर सादिक नावाचा फोरमन होता, त्याला वाटलं मला ताप आहे. शंभर किलोमीटर आत गेलो आणि परत आलो. मग पुन्हा गेलो. आता उन्हाळ्याने कॅम्प बंद झालाय.

काल सकिनाबाईंनी मला लॅबमध्ये बोलावलं, म्हणून कलावती आणि मनालीलाही घेऊन गेलो. टेबलावर आपले तुकडे मांडले होते, रंग उतरवून. ताई, ते पांढरे नाहीत गं! जुन्या हस्तिदंतासारखे पिवळसर आहेत आणि वर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. अरबस्तानातलंच शहामृग होतं, असं त्या म्हणाल्या. त्याचे सगळ्यात जवळचे नातलग लाल मानेचे, उत्तर आफ्रिकेत अजून पळताहेत. त्यातले काही शेजारच्या देशात एका राखीव माळावर आणून सोडलेत. म्हणजे घर रिकामं झालं तरी चुलतभाऊ परत नांदायला आलेत. मनाली वहीत लिहून घेत होती.

मग बाईंनी रंगासकट ठेवलेला एक तुकडा वेगळा पुढे सरकवला आणि विचारलं की हा कुठला पक्षी. सगळ्या खुणा तपासून त्या थकल्या होत्या म्हणे. मी हातात घेतला. बोटांना लगेच कळलं. करवंटी, ताई! नारळाची करवंटी, कानशीने पातळ करून अंड्याच्या गोलाईला बसवलेली, कडेला सोनाराकडची लाख. वर रंगाचे बावन्न थर. बाईंनी भिंगाखाली मोजले. वर्षाला एक म्हणजे २०१५च्या चतुर्थीपासून मागे मोजत ये, तू गणिताची मास्तरीण आहेस.

मी तिथेच खुर्चीत बसलो आणि हसायला लागलो. मग हसू थांबेना आणि मग ते हसू राहिलं नाही. कलावतीने पाणी दिलं.

तू मला फसवलंस असं मी लिहिलं. ते वाक्य लाल पेनाने खोडून टाक. चतुर्थीला आम्ही तिघं येतोय. शिंक्यातला नारळ उतरवू नकोस, मला हात जोडायचेत.

लोभ फुटला नव्हता, नुसता तडकला होता.

तुझा,
दया


केळूस, १७ जुलै २०२५

चि. दया,
अनेक उत्तम आशीर्वाद. चुका दोनच, सुधारतो आहेस.

गणित केलं. बावन्न थर म्हणजे पहिला १९६४ सालचा. आई लग्न होऊन आली ती साठ साली. बाबा बहारीनला पहिल्यांदा निघाले सदुसष्टला, मी वर्षाची होते. एकोणीस वर्षं ते जा-ये करत राहिले, दर खेपेला शिंक्याखाली हात जोडून. आणि आई दाराशी उभी राहून बघायची, ते मला आठवतं. तिचा चेहरा तेव्हा कसा दिसायचा तेही आठवतं. मी समजायचे की नवरा चालला म्हणून तसा दिसतो.

रंग दाट लावायचा असं ती का बजावायची ते आत्ता कळलं. पुरुषांनी हात लावायचा नाही, बाईने दार लावून रंगवायचं, ही रीत आजोबांची असं ती सांगायची. आता मला त्याची काही खात्री वाटत नाही. एवढी माझी आई, पण मला एका शब्दाने बोलली नाही. मी रडत तुकडे गोळा केले त्या दिवशी ती हवी होती रे.

या तिघंही. पाट रंगवायचा आहे. मनालीला मी देवघरात घेऊन दार लावणार आहे आणि सगळं खरं सांगून तिच्या हातात ब्रश देणार आहे. तू बाहेर थांबायचं.

एक राहिलं. हात जोडले म्हणून मी कळवायचे, ते खोटं नव्हतं. तू वाळूत निघालास असं पत्र आलं की दर वेळी मी आंघोळ करून त्याखाली उभी राहायचे, डोळे मिटायचे आणि तुझं नाव घ्यायचे. माझ्याच हाताने घासलेल्या, रंगवलेल्या त्या नारळाखाली. दुसरं काही नव्हतंच माझ्याजवळ.

लोभ दाट असावा.

तुझी,
ताई