‘चर्चा आहे’ तेवढं काढलं

३ सप्टेंबर

पुन्हा पहिलं पान, पुन्हा तिचंच नाव! सादिया, उदगीर भागाची वार्ताहर, बसते इथंच आमच्या ऑफिसात. येऊन सहा महिने झाले न्हाईत. मी लातूरच्या या डेस्कवर नऊ वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या नीट करून राहिले – माझं नाव एकदाच छापलं, ते बी वाढदिवसाच्या शुभेच्छांत.

संपादक व्यंकटराव म्हणतात, "पोरीत दम हाय." मला काय म्हणतात? "समीक्षाबाई, चहा सांगा."

५ सप्टेंबर

जळते मी. लिहून टाकलं की बरं वाटतं म्हणतात. न्हाई वाटलं.

९ सप्टेंबर

सादियाची बातमी आली मोबाइलवर. वसतिगृहाचे अधीक्षक मल्लिनाथ यांनी मुलींचं धान्य विकल्याची ‘चर्चा आहे’. पोती बाजारात गेल्याचं ‘समजते’. खात्री नसली की हे शब्द लावायचेच, उद्या अंगावर आलं तर तेच वाचवतात. मीच शिकवलं तिला!

दोन्ही काढले. सरळ मथळा – ‘अधीक्षकाने मुलींचे धान्य विकले’. खाली तिचं नाव, ठळक. आता आपट तोंडावर!

१० सप्टेंबर

मल्लिनाथ निलंबित. सादियाला फोनवर फोन! साहेबांनी पेढे मागवले. "याला म्हणतात निर्भीड!" सादिया काहीतरी बोलायला गेली, त्यांनी बोलूच दिलं न्हाई. मग माझ्याकडं बघत राहिली. मी पेढ्यांचा खोका पुढं केला.

लई चिडचिड झाली आज.

१४ सप्टेंबर

धान्य विकलंच नव्हतं. किडलेली पोती वरच्या आदेशानं गोदामात परत गेली होती.

मल्लिनाथची बायको पंचफुला पेपर घेऊन ऑफिसात आली. "माझ्या लेकीला शाळेत चोराची पोरगी म्हणून राहिले. कुणी लिहिलं हे?"

सादिया उठून उभी राहिली. मी कीबोर्डकडं बघत बसले.

१५ सप्टेंबर

पाचव्या पानावर चार ओळींचा खुलासा. मीच लिहिला. मल्लिनाथला कामावर परत घेतलं.

साहेबांनी सादियाला विचारलं, "मूळ बातमी दाखव." ती म्हणाली, "डिलीट झाली, सर. पण लिहिलं मीच." राजीनामा घेतला. सुटले! आनंदाच्या उकळ्या फुटल्या मला, खोटं कशाला लिहू.

१७ सप्टेंबर

सादिया निघताना माझ्या टेबलाशी आली. मोबाइल पुढं धरला. मूळ बातमी, दोन्ही शब्द जागच्या जागी.

"मला कुठं बी काम मिळंल, ताई," म्हणाली. "तुम्हाला कोण देईल?"

गेली. आणि मला आत्ता बी तिचाच हेवा वाटून राहिलाय.