नानीच्या नावाची चौकट

जुन्नर,
ता. ६ मे २०२५

ती. भाई यांना,
जहाँआराचा सलाम, वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं घालता, म्हणून कागद घेतला. इकडे सगळे बरे आहेत. जावेदच्या दुकानात पंखे-कूलरची झुंबड आहे, उजमा लोणच्यात गुंतलीय. लेक-सुनेनं १ जूनला माझा पंचाहत्तरावा वाढदिवस करायचं ठरवलंय. केकवर माझा फोटो छापणार म्हणे. म्हणजे माझाच चेहरा सुरीनं कापून वाटणार, वर मी टाळ्या वाजवायच्या!

पण पत्राचं कारण वेगळं. अलिझाला शाळेनं सुट्टीत वंशवृक्ष करायला सांगितलाय, आणि बायकांची नावंही हवीत असं बाईंनी बजावलंय. पोरीनं एकेक चौकट भरली आणि मला विचारलं, दादी, तुझ्या नानीचं नाव काय? भाई, अम्मी गेल्यावर जिनं मला भरवलं, न्हाऊ घातलं, बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन मढपर्यंत पायपीट करून आपल्याला वाढवलं, तिचं नाव मला ठाऊक नाही. नानी, एवढंच. मी आठ वर्षांची होते ती गेली तेव्हा.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोडणी टाकते आणि मीठ विसरते, अंगणात जाते आणि कशाला आले ते आठवत नाही. अलिझा मलाही दादीच म्हणते. उद्या तिच्या नातीनं विचारलं तर?

तुम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होता. तुम्हाला नक्की ठाऊक असेल. लगेच कळवा. भाभींना सलाम, तालिबला दुवा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
जहाँआरा


पेठ,
ता. १२ मे

प्रिय जहाँआरास,
अनेक दुवा.

पत्र पोचलं. अक्षर अजून बरं आहे, शुद्धलेखनाचे दोन गुण कापले. निवृत्त मुख्याध्यापकाच्या बहिणीनं एवढं तरी सांभाळावं.

नानीचं नाव मला आठवत नाही. त्या काळी बायकांना नावानं कोण हाक मारायचं? अलिझाला ‘नानीसाहेबा’ असं लिहायला सांग आणि खाली ‘जुन्नरचं खानदानी व्यापारी घराणं’. शोभून दिसेल.

आणखी एक. माझ्या नातवाची, तालिबची सोयरीक पुण्याच्या मोठ्या घरी ठरत आली आहे. ती मंडळी १ जूनला तुझ्याकडे येणार आहेत. वहीत त्या पाटीबिटीचा उल्लेख नको. इतकी वर्षं खपून आपण वर आलो, आता जुनं उकरून काय मिळणार? तू उगाच जीव टांगणीला लावतेस. लहानपणी एक चप्पल हरवली तरी गल्ली डोक्यावर घ्यायचीस, तशातलाच हा प्रकार.

तब्येत सांभाळ. केकचा गोड तुकडा खाऊ नकोस, साखर वाढेल. दुवा आहेतच.

तुझा भाऊ,
राजमहंमद


मढ,
ता. १९ मे

जहाँआराबाईला चिमाबाईचा नमस्कार, आन् लिवणाऱ्या नातीचा, नूतनचा बी.

नानीचं नाव इचारलेलं तुजं पत्र नूतननं वाचून दावलं. ती म्हनली, आजी, तू बोलशील तसंच लिहिते. म्हनलं, लिव.

तू नानीच्या मागं चालत आलीवतीस, आमच्या पडवीत झोपलीवतीस, आन् नाचणीची भाकर बघून रडलीवतीस. मला समदं ध्यानात हाय. माझं म्हायेर नि सासर दोन्ही मढच. माज्या लग्नाचा चुडा तुज्या नानीनंच भरला. एक काच फुटली न्हाई.

तुमच्या घरात तिचं नाव कुनाला ठावं न्हाई म्हंतीस? अगं, हितं समद्या बाया तिला नावानंच हाक मारायच्या, पार वेशीपासनं! पर मी कागदावर फुकट न्हाई सांगायची. सदुसष्ट वर्सं झाली, तुमच्या घरच्या हातानं माज्या हातात बांगडी चढली न्हाई. तू ये, डझनभर आण, तुज्या हातानं भर, मंग सांगते. आमचं म्हातारं, सोमाजी, अजून ठणठणीत हायेत, तवा हिरव्याच आण.

तुज्या भावाचं बी एक सांगायचं हाय. त्ये बी कागदावर नगं. लई वाट बघाया लावू नगस.

चिमाबाई


जुन्नर,
ता. २४ मे

ती. भाई यांना,
सलाम, वि. वि.

काल मढला चिमाबाईंकडे जाऊन आले. जावेद गाडीनं सोडतो म्हणाला, मी ऐकलं नाही, एसटीनं गेले. चिमाबाईंचे सांधे सुजलेत. पहिल्या दोन बांगड्या फुटल्या, मला रडू आलं. मग नानी अंगठा कसा आत दुमडून धरायची ते एकदम हाताला आठवलं आणि उरलेल्या दहा सरकन चढल्या. त्यांनी हात उन्हात धरला आणि नाव सांगितलं.

मग तुमची गोष्ट सांगितली. एकदा नानी पाटी घेऊन तुमच्या शाळेत आली होती. पोरांनी विचारलं ही कोण, तर तुम्ही म्हणालात, असेल कुणी बांगडीवाली. नानीनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी मढला येऊन तिनं हे हसत हसत सांगितलं म्हणे, पण त्या रात्री ती जेवली नाही. म्हणाली, राजा शिकतोय, मोठा झाला की सांगेल माझं नाव.

आणि माझं नाव शाळेत घालायला तुम्ही नानीला येऊ दिलं नाहीत, आठवतं? मला हाताला धरून तुम्हीच नेलंत. गुरुजींनी तारीख विचारली, तुम्ही १ जून ठोकून दिलीत. खरा दिवस घरात फक्त नानीला ठाऊक होता. नागपंचमीचा आदला दिवस. तिनं मढला घरोघरी साखर वाटली होती, चिमाबाईंच्या आईनं ती खाल्ली होती.

मला राग आला, खूप आला. एसटीत तोंड खिडकीकडे करून बसले. पण तेव्हा तुम्ही पोर होता. आता ऐंशीचे आहात.

नाव मला कळलंय, तरी मी लिहिणार नाही. अलिझालाही सांगितलेलं नाही. वहीचं पान सोबत पाठवते. एक चौकट रिकामी आहे, ती तुम्ही भरा. नाही भरलीत तर रिकामीच शाळेत जाईल, पण ‘नानीसाहेबा’ मी लिहू देणार नाही.

रागावले असले तरी बहीणच आहे, एवढं लक्षात ठेवा.

जहाँआरा


पेठ,
ता. २९ मे

प्रिय जहाँआरास,
दुवा.

टपालावर सोडवत नाही, म्हणून तालिबच्या हाती देतो आहे.

आठवत नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. चिमाबाईंनी सांगितलं ते सगळं खरं आहे, पण अर्धं आहे. नानी त्या दिवशी बांगड्या विकायला आली नव्हती. मी भाकरी घरी विसरलो होतो, ती द्यायला आली होती. मी घेतली नाही, उपाशी बसलो. संध्याकाळी तीच भाकरी तिनं गूळ लावून मला भरवली आणि आज काय शिकवलं ते विचारलं. बाकी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पुढे तीस वर्षं मास्तरकी केली, पण डबा घेऊन आलेली कुठलीही आजी फाटकाशी दिसली की मी ऑफिसात जाऊन बसायचो.

काल पुण्याला फोन करून त्या मंडळींना पाटीचं सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले, अजून कळवलेलं नाही. तालिब शेजारीच बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, मला आजवर का सांगितलं नाही?

१ जूनला येतो. ते आले तरी आणि न आले तरी. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मला मढला घेऊन चल. साखर मी आणीन.

पान सोबत आहे. पेन दोनदा खाली ठेवलं, शाई जरा पसरली आहे. अलिझाला सांग, खोडून पुन्हा लिहायचं नाही. जमलं तर माझ्यावर लोभ ठेव.

तुझा भाऊ,
सकीनाबी बांगडीवालीचा नातू,
राजमहंमद