वाइनोची दोन बिळं

प्रिय आइली,

तुझं लग्नाचं कार्ड फ्रिजवर लावून तीन आठवडे झाले. "तुझी आई आणि तिचा तो नवरा ग्लेन येणार असतील तर मी येत नाही," असं म्हणून मी फोन आपटला, त्यालाही तेवढेच झाले. सोबतच्या छोट्या कार्डावर 'येणार' की 'नाही' ते उत्तर पंधरा तारखेपर्यंत हवंय हे मला वाचता येतं, अजून चष्मा शाबूत आहे. पण आधी तुझ्या सापाचं ऐक, कारण गेले तीन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

"दोनच महिने सांभाळा हो बाबा, नवा घरमालक साप ठेवू देत नाही," असं म्हणून सप्टेंबरात तू वाइनोला माझ्या गळ्यात घालून मिनीॲपोलिसला गेलीस. माझ्या चुलत्याचं नाव अजगराला दिल्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. तो चुलताही शेगडीपाशी असाच पडून असायचा, ते सोड. तर तुझी काचेची पेटी त्याला तोकडी पडत होती. दोरी लावून मापला तर सव्वाचार फूट भरला! सापाला सरळ पसरता येईल एवढी तरी पेटी लांब हवी, असं वाचलं. म्हटलं, तीस वर्षं आपल्या हॅनकॉक गावभर लोकांना सॉना बांधून देतोय, वाफ कोंडणाऱ्या खोल्या बांधणाऱ्याला सापाची एक पेटी काय जड आहे?

उत्तम सीडरची बांधली. सॉनाला वापरतो तेच लाकूड, अख्खं घर घमघमत होतं. पेटीत उबेसाठी दिवा आणायला प्राण्यांच्या दुकानात गेलो आणि मोठ्या ऐटीत तिथल्या केल्सीला फोटो दाखवला. निळ्या केसांची पोर ती, किंचाळलीच. "अहो काका, मारायचंय का त्याला? सीडरच्या वासानं सापाची फुप्फुसं जातात!" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! नशीब, वाइनोला अजून आत ठेवला नव्हता. फळ्या शेजारच्या हेल्मीबाईंच्या सॉनाला लागल्या.

मग प्लायवूडची केली, रंगाचा वास जाईपर्यंत दोन आठवडे उघडी ठेवली. पुढं सरकती काच, तिला कुलूप. आणि ऊब अशी बसवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या डिग्रीचा फरक नाही. सॉनात थंड कोपरा राहिला तर मला रात्रभर झोप येत नाही, तुला माहीत आहे. वाइनो सबंध दिवस पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला. केल्सी म्हणाली, "काका, ही तर आगीतून फुफाट्यात गत झाली. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. एक टोक गरम ठेवा, एक गार. कुठं जायचं ते त्याचं तो बघेल." मला ही गंमतच वाटली. या वयात मी सापाच्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसायला लागलो.

पण तो खाईना. लपायला एक लाकडी बीळ करून गार बाजूला ठेवलं, तर तो तिथंच दडून राहिला, उबेकडे फिरकेना. बीळ गरम बाजूला नेलं, तर तापून निघाला तरी बाहेर येईना. दुकानातला गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात भिजवून नाकाशी धरला, त्यानं तोंड फिरवलं. पाच आठवडे! स्वयंपाकाच्या काट्यावर दर शनिवारी वजन घटत होतं. तुला काय तोंड दाखवू, हाच विचार. खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो.

शेवटी केल्सी घरी आली. माझ्या हातच्या, मांस-बटाटा भरलेल्या दोन पास्ट्या हाणल्या, पेटीत डोकावली आणि म्हणाली, "काका, एकच बीळ? लपायचं तर ऊब सोडा, ऊब हवी तर लपणं सोडा, त्या बिचाऱ्यानं करावं काय? दोन द्या. दोन्ही सारखी, अंगाला घासतील एवढी लहान."

दोन केली. तो सकाळी इकडे, दुपारी तिकडे जाऊ लागला. गेल्या रविवारी उंदीर गिळला! मी एवढ्यानं ओरडलो की हेल्मीबाई बर्फाचं फावडं घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं साप सुटला.

आइली, तुझी आई आणि मी वेगळे झालो तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. स्वयंपाकघरात तुला उभी करून मी विचारलं होतं, "आई की मी? एक काय ते सांग." तू त्या रात्री ताटाला हातही लावला नाहीस. मला तेव्हा तुझा हट्ट वाटला. अठरा वर्षांनी त्या दिवशी फोनवर मी तेच विचारलं, फक्त या वेळी तुझ्या लग्नावरून. चुकलो, पोरी. फार चुकलो. उत्तराचं कार्ड याच पाकिटात आहे, 'येणार'वर शाईनं खूण केली आहे. दोन दिवस वाइनोला केल्सी बघेल. मला कुठं बसवायचं ते तू ठरव, तुझ्या आईशेजारची खुर्ची असली तरी चालेल.

तुझाच,
बाबा