पुंजारामचा पाट आणि दिवसाची गोष्ट

मी, भागिरथी गोरक्ष आवारी, वय सहासष्ट, शाळा दुसरीपर्यंत, राहणार आंबेवाडी, तालुका अकोले, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. जीभ कशी आहे ते गावाला ठाऊकच आहे. हे कोणाच्या दाबाखाली लिहिलेलं नाही. मला दाबणारं माणूस अजून जन्मायचंय.

१. घर आणि भाताची तिन्ही खाचरं माझी एकुलती मुलगी केशर हिला. मुलीला कशाला, असं ज्याला वाटतं त्यानं माझ्या तेराव्याला जेवायला येऊ नये.

२. दीर रखमाजी यांनी दरसाल बांध कोरून आपला वाटा माझ्या हयातीतच उचलला आहे. आणखी काही नाही.

३. केशरची रुपाली संगमनेरला कॉलेजात असते, गोष्टी लिहिते. तिच्या गोष्टीत समुद्र असतो. पोरीनं धरणापलीकडं पाणी पाहिलेलं नाही. दसऱ्याला म्हणाली, "आजी, काही सुचतच नाही गं. आपल्या इथं घडतंय काय?" तिला माझं पावसातलं इरलं देते. ते डोक्यावर घेऊन आषाढात आवणीला उतर. बाया वाकून भात लावताना जे बोलतात ते उभ्यानं बोलत नाहीत. दिवाळीनंतर खळ्यावर बस. चैत्रात हंड्यांच्या रांगेतली भांडणं ऐक. माझ्या साऱ्या गोष्टी तिथल्याच, वरून थोडं खोटं घातलेलं.

४. हे कोणाला सांगितलेलं नाही. एकतीस वर्षांमागं आवणीच्या वेळी केशर बांधावर रडत होती, म्हणून भरदुपारी तिला गोष्ट सांगितली. सासू ओरडली, "दिवसा गोष्ट सांगतीस? पोरीचा मामा वाट चुकंल!" मी म्हणाले, "चुकला तर इचारील. तोंड हाय त्याला."

मामा म्हणजे माझा पाठचा भाऊ पुंजाराम, नाशिकला ट्रकवर क्लीनर. त्या साली भाऊबीजेला आला नाही. पुढंही नाही. ट्रकमालकाला विचारलं, चौकीत लिहून दिलं, काही कळलं नाही. असल्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. तरी त्यानंतर दिवा लागल्याशिवाय एक गोष्ट सांगितली नाही, आणि दर भाऊबीजेला त्याचा पाट मांडला.

५. तो पाट आणि ओवाळायचं ताट रुपालीला. पुंजाराम माझ्यामागं आलाच तर आधी जेवू घालावं, कुठं होतास ते मग विचारावं.

६. रुपाले, तुला मामा नाही. तू दिवसा गोष्ट लिहिलीस तर वाट चुकायला कोणीच नाही. म्हणून एक गोष्ट भरदुपारी लिही. आवणी चाललेली. एक म्हातारा बांधावर येऊन विचारतो, "बाई, भागिरथीचं घर कंचं?" ती वाकलेलीच म्हणते, "लई लवकर इचारलंस."

मला त्यात रडवू नकोस. हातातली रोपं सुटली तर सुटू दे.

हा कागद मी अंगणात बसून, ऊन डोक्यावर असताना, स्वतःच्या हातानं लिहिला.

सही: भागिरथी गोरक्ष आवारी

साक्षीदार:
१. राहीबाई, शेजारीण (अंगठा)
२. भीमराज, ग्रामपंचायतीचे शिपाई (सही)

आंबेवाडी, सोमवार, २० ऑक्टोबर १९९७. भाऊबीजेला बारा दिवस आहेत.