पाइपाभोवतीचं सूत

सोमवार, ४ तारीख

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हातमाग लागला का, असं तू विचारलंस. लागला. बाबांनी आणि मी मिळून तो तळघरात उतरवला, आणि परवाच्या पावसात त्याच्या पायांशी पाणी आलं. पाण्याचा पाइप भिंतीतून आत येतो तिथं भोवती बोटभर फट आहे. मी हुशारी केली. उरलेलं सूत फटीत गच्च कोंबलं, वरून सिमेंट थापलं. काल पुन्हा पाऊस पडला, तर सिमेंटला तडा आणि सुताच्या टोकातून थेंब थेट मागावर!

बाबा म्हणतात, आणखी एकदा गळलं तर तळघर भराव टाकून बुजवायचं, नाहीतर घराचा पाया जाईल. माग वरच्या एकाही खोलीत मावत नाही. नोकरी सोडून बसलेय गं मी. तरी माग मोडणार नाही, हे नक्की. तू दातांची डॉक्टर, भिंतींची नव्हेस. पण बाबांना गप्प करणारी घरात तू एकटीच.

वेंधळ्या भाचीवरची माया कमी करू नकोस.

तुझी,
गुंतवळ

शुक्रवार, ८ तारीख

चि. गुंतवळ हिस अनेक आशीर्वाद.

अगं, दिव्याला वात लावतात तशी तू भिंतीला लावलीस! पाणी येतच होतं, तू त्याला बोट धरून आत आणलंस.

कीड न कोरता दात भरला की काय होतं, ते मी जन्मभर पाहिलंय. सगळं उपटून काढ. छिन्नीनं फट कोर; तोंडाशी अरुंद, आत पसरट, म्हणजे भरलेलं निसटणार नाही. भुगा झाड, कोरडं कर. मग मोटर लावून पाइपावर हात ठेव. थरथरत असेल तर नुसतं सिमेंट टिकायचं नाही. पाइपालगत रबरासारखं ताणणारं सीलंट भर, सिमेंट त्याच्या बाहेरून. आणि छपराचं पाणी कुठं पडतं तेही बघ.

तुझा बाप लहानपणी दात हलायला लागला की उशीत तोंड खुपसून बसायचा. त्याला म्हणावं, ताईनं विचारलंय, एक दात दुखतो म्हणून जबडा बुजवायचा का?

हात सांभाळ. मला विसरू नकोस.

तुझी आत्या

रविवार, २४ तारीख

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पाइप थरथरत होताच. तू सांगितलंस तसं कोरलं. तळहाताला फोड आले. बाबा पायरीवर बसून चुका काढत होते. म्हणे, मी भिंत कोरत नाही, बटाटा सोलते. जेवताना तुझा जबड्याचा प्रश्न विचारला. त्यांनी पान संपवलं. मग उठून बाहेर गेले. छपराचं पाणी नेमकं त्या फटीवर सांडत होतं. त्यांनी स्वतः ते लांब वळवलं, खचलेल्या मातीवर भर घातली. मीही फट भरून घेतली.

काल दुपारी धो धो कोसळला. मी मागावर बसले, पण धोटा हातातच, नजर भिंतीवर. बाबा खाली आले. मोटर लावून, ताप बघावा तसा पाइपामागं हात फिरवला आणि सवयीनं सदऱ्याला पुसला. सदऱ्यावर डाग उठला नाही, आत्या.

भरावाबद्दल चकार शब्द काढला नाही. पायरीवर टेकले आणि म्हणाले, ही फार गार लागते, रोज बसायचं तर खाली काहीतरी विणून दे.

तेव्हा पहिलं कापड त्यांचं. तुझी शाल त्यानंतर; रांगेत उभी राहा. तुझा लोभ पाझरत राहो, भिंत नको.

तुझीच,
गुंतवळ