समोरचा आकडा

कंपाला, गुरुवार

प्रिय किसाक्ये,

मसाकाच्या बसच्या कंडक्टरबरोबर तू पाठवलेला डबा मंगळवारी मिळाला. तळलेले न्सेनेने, अजून कुरकुरीत होते. डबा उघडल्यावर मी काय केलं असेल हे तुला सांगायला नको. खाण्याआधी सगळे नाकतोडे ताटात पसरले आणि एखाद्याचा पंख, एखादा पाय राहिलाय का ते बघत बसले. एकही नव्हता. खरं सांगते, मला एखादा सापडायला हवा होता. तुझ्या हातून काहीतरी सुटलंय एवढं कळलं असतं, तर मला ते जास्त गोड लागले असते.

डब्यात चिठ्ठी नव्हती. आधी वाटलं रागावली असशील. मग वाटलं, रागावलेलं माणूस चारशे नाकतोड्यांचे पंख कशाला उपटेल? पण तू नसताना मी हेच करते, तुझ्या मनात काय असेल त्याच्या सगळ्या शक्यता लिहून एकेक खोडत बसते. म्हणून हे पत्र. यातलं बरंच तुला माहीत आहे, तरी मला पहिल्यापासून लिहू दे. मधूनच सुरुवात केली की माझ्याकडून काहीतरी वगळलं जातं, आणि या वेळी मला काहीही वगळायचं नाही.

रविवारी मुकोनोला घरी गेले होते. बाबांनी दार उघडलं आणि मी खाली गुडघे टेकून नमस्कार करायच्या आत विचारलं, ‘किसाक्ये कशी आहे?’ दर रविवारी हेच विचारतात. मग मला विचारतात. त्यांचे डोळे आता फार अधू झालेत, पण छापखान्यातली सवय गेलेली नाही; वर्तमानपत्र नाकाला लावून मुद्रितातल्या चुकांवर नखाने खूण करतात. आपलं जेवणाचं टेबल अजून तिथेच आहे. माझ्या दम्यामुळे मला शाळेत पाठवत नव्हते आणि तुझी आई मसाकाच्या इस्पितळात नोकरीला, म्हणून तू आमच्याकडे राहायला आलीस, आणि सहाव्या वर्षापासून आपण दोघी त्या टेबलाशी बाबांची शाळा शिकलो. आपण एकमेकींच्या वह्या बदलायच्या आणि लाल पेन्सिलीने चुका शोधायच्या, हा त्यांचा आवडता धडा. मी तुझ्या वहीत अकरा चुका काढायचे. तू माझ्या वहीत एकच काढायचीस, आणि नेमकी तीच अशी असायची की तिच्यामुळे सगळं उत्तर कोसळायचं. बाबा अकरांना मान डोलवायचे आणि तुझ्या एकीला हसायचे. मी सात वर्षांची होते, तरी मला त्या दोन गोष्टींतला फरक कळायचा.

घड्याळही तिथेच शिकलो. इंग्रजी वेळ मला लगेच आली, पण आपली लुगांडा भाषेतली वेळ काही केल्या जमेना. दिवस उजाडल्यावर मोजायला सुरुवात करायची, सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा, हे मी बोटांवर मोजायचे, चुकायचे आणि रडायचे. तू एक दिवस मक्याचं धाट आणलंस, बाबांचं घड्याळ भिंतीवरून उतरवलंस आणि धाट त्याच्या काचेवर आडवं ठेवलंस. म्हणालीस, ‘मोजू नको गं. फक्त समोरचा आकडा वाच.’ आठाच्या समोर दोन. नवाच्या समोर तीन. त्या दिवसापासून मी कधी चुकले नाही. तुझे आभार मानल्याचं मात्र आठवत नाही.

तुला आपल्या ऑफिसात मीच आणलं, हे मी लोकांना किती वेळा ऐकवलं असेल. टीमला दुसरी टेस्टर हवी होती आणि मी तुझं नाव सुचवलं. तेव्हा माझ्या मनात खरोखर प्रेमच होतं, हे तुला पटावं असं वाटतं. मी तुला माझी तपासणीची यादी दिली. दोनशे चौदा ओळी, चार वर्षांत जमवलेल्या, प्रत्येक ओळीपुढे काय करायचं आणि काय दिसायला हवं ते लिहिलेलं. तू ती वाचलीस, छान आहे म्हणालीस आणि फोन घेऊन खाली बोडावाल्यांच्या थांब्यावर गेलीस. एका मोटरसायकलवाल्याला हातमोजा न काढता आपलं ॲप चालवायला सांगितलंस. दहा मिनिटांत ते बंद पडलं. ओडोंगो, ज्याने ते लिहिलं होतं, तो रागवायचा सोडून हसत सुटला आणि मला म्हणाला, ‘यादीबाई, तुमच्या यादीत हातमोजे कितव्या ओळीला आहेत?’ सगळे हसले. मीही हसले. संध्याकाळी मी दोनशे पंधरावी ओळ लिहिली: हातमोजे.

मग हे रोजचंच झालं. सकाळी सगळे बोर्डासमोर उभे राहून काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचे, तेव्हा माझी वेळ आली की लोक चहाच्या कपात बघायचे आणि तू बोलायला लागलीस की मान वर करायचे. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये, जिथे आठवड्यात काय चांगलं झालं ते प्रत्येकाने सांगायचं असतं, मी तुझं नाव किती वेळा येतं ते वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजायला लागले. दोन महिन्यांत एकोणतीस. माझं चार, त्यातलं एक तू घेतलेलं. ओडोंगो सगळ्यांसाठी रोलेक्स, ती अंडं गुंडाळलेली चपाती, आणायला जायचा तेव्हा तुला मिरची चालत नाही हे त्याच्या लक्षात असायचं. मला अंडं चालत नाही, हे तो चार वर्षांत शिकला नव्हता.

म्हणून मी टीमच्या प्रमुख बिरुंगी मॅडमकडे गेले. तुझी तक्रार केली असं मी तेव्हा मानलं नव्हतं. मी म्हटलं, किसाक्ये हुशार आहे पण शिस्त नाही, ती काय तपासते आणि काय नाही याची नोंद राहत नाही, उद्या काही सुटलं तर आपण कुणाला विचारणार? मॅडमना ते पटलं. त्यांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की यापुढे प्रत्येक काम यादीप्रमाणे, ओळीने तपासायचं. तू माझ्याकडे बघितलंस. आणि किसाक्ये, त्यानंतर तू खरंच ओळीने तपासायला लागलीस.

आता सप्टेंबरकडे येते. बाळांच्या लसीकरणाची आठवण आयांच्या फोनवर लुगांडातून पाठवायची, ते काम. पहिल्यांदा फक्त सिस्टर तेओपिस्ता यांच्या आरोग्य केंद्रासाठी. त्या कामाचं बोर्डावरचं कार्ड गुरुवारी तुझ्याकडे आलं, तू माझ्या यादीप्रमाणे तपासलंस आणि तुझं नाव घालून ‘पूर्ण’च्या रकान्यात लावलंस. आपल्याकडे त्या रकान्यात कार्ड फक्त टेस्टरच लावू शकते, आणि तिथून काढूही टेस्टरच शकते. शुक्रवारी दुपारी त्या रकान्यातलं सगळं काम पुढे जायचं होतं, शनिवारी संदेश सुटायचे होते.

पुढे काय झालं ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. सोमवारी केंद्र सकाळी आठला उघडलं. सिस्टर बर्फाच्या पेटीत लसी घेऊन झाडाखाली बसल्या, तीन आया आल्या, बारा वाजता पेटी उचलून त्या पुढच्या गावाला निघून गेल्या. आणि दोन वाजता, भर उन्हात, पस्तीस आया पाठीला बाळं बांधून बंद दारासमोर येऊन उभ्या राहिल्या, कारण त्यांच्या फोनवर ‘सावा ८’ आलं होतं, आणि आठवा तास म्हणजे दुपारचे दोन हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला तेव्हा मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सगळी शिकलेली लेकरं. तुमच्यातल्या कुणाला घरी घड्याळ शिकवलं नाही का?’ एक बाई जुळी घेऊन पहाटेपासून चालत आली होती, ती त्यांना पुढच्या गावाहून रिकामी पेटी घेऊन परतताना वाटेत भेटली, तेही सांगितलं. ती परत येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

ओडोंगोने चूक शोधायला पाच मिनिटं लावली. वेळ दोनदा उलटवली गेली होती, एकदा संदेश तयार होताना आणि एकदा पाठवताना. आठाचे दोन, दोनाचे पुन्हा आठ. शुक्रवारी मॅडम म्हणाल्या की इथे आपण कुणाचं नाव घेत नाही, काय बिघडलं तेवढंच बघतो. तरी सगळे त्या कार्डाकडे बघत होते. तेव्हा तू उठलीस आणि म्हणालीस, ‘मी तपासलं. आठ टाकले होते, आठ दिसले, मी पुढे गेले.’ आणि बसलीस. एवढंच. ओडोंगो म्हणाला, उलटवलं तर मी होतं. मी काही म्हणाले नाही. तीन आठवड्यांनी तू आई एकटी आहे म्हणून मसाकाला निघून गेलीस, आणि त्यानंतर त्या वहीच्या मागच्या पानावर मी एकही रेघ मारलेली नाही.

परवा मॅडमनी मला बोलावलं. अजून बारा केंद्रं येणार आहेत, तपासणीची सगळी जबाबदारी माझ्याकडे आणि यादी सगळ्या टीमना द्यायची आहे. मी खूश झाले, लपवत नाही. बुधवारी यादी नीट करायला बसले आणि मुद्दाम वेळेची ओळ काढली. एकशे सदतिसावी. तिथे बरोबर लिहिलं होतं: ‘लुगांडा संदेशात समोरचा आकडा दिसायला हवा.’ मला आठवेना मी हे कधी लिहिलं. तुला ठाऊक आहे, यादीत कोणी काय बदललं याची नोंद राहते. मी ती उघडली. माझी मूळ ओळ होती: ‘दोन्ही संदेशांत वेळेचा आकडा सारखाच हवा.’ फोनवरचा आणि छापील चिठ्ठीवरचा, दोन्ही संदेश इंग्रजीच असायचे तेव्हाची ती ओळ. नंतर लुगांडा आली आणि मी ती बदलली नाही. तू माझ्या ओळीप्रमाणे तपासलंस, आणि माझ्या ओळीप्रमाणे ते बरोबर होतं. तुझी दुरुस्ती सोमवारची होती, सिस्टरांच्या फोननंतर वीस मिनिटांनी. कुणी यादी उघडून बघायच्या आत तू माझी चूक पुसून टाकलीस, आणि शुक्रवारी उठून ‘मी तपासलं’ म्हणालीस.

मला आधी काय वाटलं ते लिहिते, कारण वगळायचं नाही असं ठरवलंय. रडू आलं नाही. राग आला. वाटलं, इथेही हीच पुढे. माझ्या अकरांवर हिची एक.

एवढंच असतं तर मी तुझे आभार मानून पत्र संपवलं असतं. पण नोंदीत नसलेली एक गोष्ट आहे, ती फक्त मला माहीत आहे. त्या शुक्रवारी, संदेश सुटायच्या आदल्या दिवशी, सकाळी मी लवकर आले होते. तुझं काम बघायचं मला कारण नव्हतं. तुझं काहीतरी सापडेल म्हणून बघत होते. तुझ्या टेबलावरच्या तपासणीच्या फोनवर तो संदेश उघडा होता. ‘सावा ८.’ मला मोजावंही लागलं नाही, धाट आडवं ठेवल्यासारखा तो आकडा मला चुकलेला दिसला. मी बोर्डापाशी गेले. तुझं कार्ड काढायला त्याच्यावर हात ठेवला. आणि वाटलं, एकदा दिसू दे सगळ्यांना. सिस्टर फोन करतील, जरा हसतील, एका दिवसात दुरुस्त होईल. मी हात काढला आणि चहा करायला गेले. पस्तीस आयांचा मी विचार केला नाही, जुळ्यांचा केला नाही. मी फक्त शुक्रवारच्या मीटिंगचा विचार केला.

उद्या सकाळी नऊला, तुझ्या तिसऱ्या तासाला, सगळी टीम आणि सिस्टर तेओपिस्ता यांच्यासमोर मॅडम माझं नाव जाहीर करणार आहेत. त्याआधी मी बोलायला उठणार आहे. यादीची ओळ माझी होती हे सांगेन, आणि मी कार्डावर हात ठेवून काढला हेही. तू ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू नयेस म्हणून हे पत्र पहाटेच्या पहिल्या बसने, त्याच कंडक्टरबरोबर पाठवते आहे. मी उठेन तेव्हा ते तुझ्या हातात असेल. त्या जुळ्यांच्या आईचं गाव मी सिस्टरांकडून विचारून घेणार आहे. कदाचित मॅडम ती जागा तुला देतील, तुला परत बोलावतील. तू यावंस असं मला वाटतं, आणि येऊ नयेस असंही वाटतं, आणि यातलं कुठलं जास्त खरं आहे ते मला तपासता येत नाही. आलीस तर डब्याबद्दल तोंडावर आभार मानीन. धाटाबद्दलही. डबा धुऊन ठेवला आहे.

तुझीच, अजूनही तुझ्यावर जळणारी,
नासाली