एकदा थोपटायचं राहिलं

आर्वी, मार्च १९८१

आनंदाबाई,

तुमच्या लेकीला, जयवंताला, ऐकू येत नसे, म्हणून नाचाच्या वर्गात मी खूण ठरवली होती. खांद्यावर दोनदा थोपटलं म्हणजे चुकलं, एकदा म्हणजे छान. पोलिओ झालेली सुलोचना नुसती उभी राहिली, तरी मी तिला एकदा थोपटायची. जयवंता ढोलकीचा ठेका फरशीतून पायांनी पकडायची, सगळ्यांत छान नाचायची. शेफारेल म्हणून तिला कायम दोनदाच थोपटलं.

ती तापानं गेल्यावर मी तुमच्या घरी आले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "तापात पोरगी घडीघडी माहा हात ओढे अन् खांद्यावर एकदाच थोपटून घे. काऊन, बाई?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

माहीत होतं, आनंदाबाई. आता वर्गात कुणाच्याही खांद्याला हात लावला, तरी तो खांदा तापलेला लागतो.

तुमच्या पोरीची नाचाची बाई,
प्रमिला